पापणीवरचं सोनं

बायकोच्या तेराव्याला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पानावर बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाले, "काही म्हणा, वहिनींचा घात खोबऱ्यानं केला." मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोरच उभा होतो. ते त्यांच्या डोक्यावर उपडं करावं असं मनात आलं. केलं नाही, कारण पातेलं शेजाऱ्यांचं होतं आणि त्याला पोचा पडला असता.

एकटे सेक्रेटरी बोलले असते तर सोडून दिलं असतं. पण जो येईल तो तेच. कोकणातली बाई, नारळ फार, चरबी वाढली, अटॅक आला, संपलं. येताना हात जोडायचे आणि जाताना तिच्याच माथी दोष मारून जायचे. अहो, त्या बाईनं मरायच्या आधी कितीतरी वर्षं घरात नारळ फोडला नव्हता. कुठल्याशा डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं होतं, कोलेस्टेरॉल वाढलंय, तेल-तूप-खोबरं बंद. तिनं बंद केलं. अलिबागकडची बाई बिनखोबऱ्याचं कालवण करायची आणि ते खाताना माझ्याकडे बघायची नाही. एवढं करून गेलीच. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता. कपड्याचा चिमटा हातात तसाच होता.

मग खोबऱ्यानं कसं मारलं, एवढंच मला कुणीतरी सांगा. कुणी सांगेना. मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म ताडपत्रीच्या कारखान्यात गेला, आधी मुंबईत आणि कारखाना महाप्याला हलल्यावर इकडे. म्हणून तर नेरूळला खोली घेतली. मला कळत नाही ते मी विचारतो. लोकांना कळत नाही ते लोक सांगत सुटतात.

आता ते सोन्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी तिला बघायला गेलो तेव्हा माझ्या आईनं मुलीकडे कमी आणि मुलीच्या आईकडे जास्त बघितलं. सासूबाईंच्या दोन्ही पापण्यांवर, नाकाजवळच्या कोपऱ्यात, पिवळ्या चपट्या टिकल्या होत्या. हळद तुपात कालवून बोटानं लावावी तशा. पुसल्या तर जाणार नाहीत, कातडीतच असलेल्या. आई बघतेय हे त्यांच्या घरातल्या एका म्हातारीनं हेरलं आणि ती अभिमानानं म्हणाली, "ते सोनं हाय. आमच्या घरान्यातल्या बायकांच्या पापनीवर सोनं उगवतं. सगळ्यांच्या नाय, नशीबवान असंल तिच्याच. आनि जिच्या पापनीवर सोनं, ती सवाष्नच जाते."

आई खूश. सून सवाष्ण जाणार म्हणजे मुलगा तिच्या मागे राहणार, दीर्घायुषी होणार. हिशेब सरळ होता. परत येताना बोटीत आईनं मला तीनतीनदा सांगितलं, "घर चांगलं आहे. सोन्याचं घर आहे." मी मुलीवरच खूश होतो, मला पापण्यांशी काय करायचंय.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत सासूबाई गेल्या. चुलीपुढे बसल्या होत्या, छातीला हात लावला आणि कलंडल्या. हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, मळवट भरला. गावातल्या सवाष्णी रांगेनं पाया पडायला. सगळ्यांच्या तोंडी एकच, भाग्यवान बाई. वय विचाराल तर केसही नीट पिकले नव्हते. पुढे माझा मेव्हणा गेला, भर जवानीत. तो पुरुष, त्याच्या पापण्या कोण बघतो? लोक म्हणाले, दारूनं गेला. त्यानं दारूचा थेंब घेतला नव्हता. मग म्हणाले, टेन्शननं गेला.

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे माझ्या मुलीची मावशी, तिच्या पापण्या मात्र अगदी कोऱ्या. तिचे यजमान लवकर वारले. झालं, सगळ्यांना पुरावा मिळाला. सोनं नाही ना, म्हणून कपाळ पांढरं. ती स्वतःही तसंच मानायची. माझ्या बायकोच्या डोळ्यांवर तिशीच्या सुमाराला ते पिवळं उमटलं तेव्हा ही मावशी आमच्याकडे येऊन तिच्या तोंडाकडे बघत बसली आणि तशीच उठून गेली. त्यानंतर हळदीकुंकवाला आमच्या बिल्डिंगमधल्या बायका बायकोच्या हातून कुंकू लावून घ्यायला पुढे पुढे करायच्या. ती लाजायची. तिच्या हाताच्या सांध्यांवर गाठी आल्या होत्या, कासार बांगड्या चढवताना वैतागायचा. टाचेच्या वरची शीर दोरखंडासारखी जाड झाली होती, मागे पट्टा असलेली चप्पल तिला कधी झाली नाही. त्या गाठींना कुणी सोनं म्हणालं नाही. त्या नुसत्याच गाठी.

तर ज्या दिवशी ती गेली, त्या दिवशी आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. उगाच नेलं, गच्चीवरच संपलं होतं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं नाडी बघितली, टॉर्च मारला, मान हलवली. मग मात्र वाकून पापण्या बघितल्या. चादर सरकवून टाचा बघितल्या. आणि मला विचारते, "यांच्या आईला काय झालं होतं?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाई, माझी बायको इथे पडलीय आणि तुम्ही सासूची चौकशी करताय?"

ती रागावली नाही. म्हणाली, "आज नको, काका. पण नंतर या. मुलगी आहे ना तुम्हाला? तिला घेऊन या."

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. आईच्या ओल्या कपड्यांची बादली तिच्या हातात. घाबरून गच्चीवरून तशीच खाली घेऊन आली होती.

तेरावं झालं आणि मी मुलीला म्हटलं, चल. ती म्हणाली, "आत्ता नको, बाबा." मग मी एकटाच गेलो. त्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर बसून बसून कंबर धरली. आत गेल्यावर सरळ विचारलं, "माझी बायको कशानं गेली? खोबऱ्यानं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "खाण्यानं थोडाफार फरक पडतो. पण हे खाण्यानं झालेलं नाही. हे त्यांच्या घरातून आलेलं आहे." मग मला म्हणाल्या, "तुम्ही काम काय करायचात?"

म्हटलं, "ताडपत्रीला कड्या ठोकायचो. ट्रकवर टाकतात ती ताडपत्री. तिच्या काठाला पितळी कड्या असतात, त्यातून दोरी ओवतात."

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे," बाई म्हणाल्या. मला पुढे ते मुळीच सोपं वाटलं नाही, पण असो. त्यांनी सांगितलं ते असं. आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं. प्रत्येक पेशीभोवती एक पडदा, तेलाचा, फार पातळ. त्या पडद्यात गळासारखे आकडे बसवलेले असतात. रक्तातून चरबीची गाठोडी वाहत असतात. लिव्हरच्या पेशींवरचे आकडे ती गाठोडी पकडतात, आत ओढून घेतात, रक्त साफ राहतं. या आकड्याला डॉक्टर लोक रिसेप्टर म्हणतात. तो प्रोटीनचा बनलेला.

"मग हिचे आकडे तुटले?"

"तुटले नाहीत. निम्मे बाहेर आलेच नाहीत."

मला वाटलं, एवढंच ना. "मग बाहेरून ठोकायचे होते. इंजेक्शनमधून सोडायचे रक्तात. बसले असते जाऊन."

बाई हसल्या. "बाहेरून बसत नाहीत, काका. तीच तर गंमत आहे."

"गंमत तुमची, बाई. माझं माणूस गेलंय."

त्या सॉरी म्हणाल्या. मग खुर्ची पुढे ओढून हळू बोलायला लागल्या.

"तुमची कडी आधी तयार होते आणि मग कापडात ठोकतात. इथे तसं नसतं. आकडा पेशीच्या आत बनतो आणि बनता बनताच पडद्यात ओवला जातो. एकेक मणी जोडत माळ करतात तसा तो लांबत जातो. माळेचं पहिलं टोक दिसलं रे दिसलं की त्याला धरून पेशीच्या आतल्या एका पडद्याच्या भोकात घालतात. मागून मणी जोडणं चालू, पुढून सरकणं चालू. सरकता सरकता तेलकट मण्यांचा तुकडा येतो. त्याला पाण्यात करमत नाही, तेलात करमतं. तो त्या तेलाच्या पडद्यातच रुतून बसतो. झाला आकडा पक्का. डोकं पडद्याच्या एका बाजूला, शेपूट दुसऱ्या बाजूला."

"पण हा आतला पडदा म्हणता. आकडा तर बाहेरच्या पडद्यावर पाहिजे."

"बरोबर." त्यांनी माझ्या मांडीवरची कापडी पिशवी मागितली. बायकोनं जुन्या पडद्याची शिवलेली होती, मी द्यायला जरा कचरलो. बाईंनी टेबलावरच्या टाचण्या घेतल्या आणि पिशवीत हात घालून आतून टोचल्या. टाचण्यांची डोकी पिशवीच्या आत, टोकं बाहेर. "आतल्या पडद्याला असा फुगा येतो आणि तो आकड्यांसकट सुटतो. वाटेत आकड्यांना साखरेचे तुरे वगैरे लावतात. मग फुगा बाहेरच्या पडद्याला जाऊन चिकटतो आणि तिथं त्याचं तोंड उघडतं." त्यांनी पिशवी उलटी केली. आतली डोकी बाहेर आली. फुगा बाहेरच्या पडद्यातच मिसळून गेला, आकडे जिथल्या तिथे.

मी म्हटलं, "म्हणजे कापडच जातं. कडी एकटी जातच नाही."

"जातच नाही."

खरं सांगतो, मला चीड आली. प्रत्येक कणाकणात हा एवढा कारखाना चालतो आणि माझी बायको ओली चादर वाळत घालताना मरते. मी विचारलं, "मग बिघडलं कुठं?"

"आकडा ओवला गेला की त्याची घडी नीट पडावी लागते. आकडा कसा करायचा त्याचा नमुना आपल्याकडे दोनदा असतो, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. त्यातल्या एका नमुन्यात चूक असेल तर त्या नमुन्याच्या आकड्याची घडी चुकते. पेशीत तपासणी असते. चुकलेली घडी बाहेर सोडत नाहीत. आतच अडवतात आणि मोडून टाकतात. तुमच्या मिसेसच्या घरातली चूक नेमकी कुठली, ते मला इथे तपासता येणार नाही. वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी असते. पण पुष्कळ ठिकाणी असंच होतं. आकडा बनतो आणि आतच अडकतो. चरबी रक्तातच फिरत राहते. मग बसते जागा मिळेल तिथे. हृदयाच्या नसांत बसते. टाचेत बसते. बोटांच्या सांध्यावर बसते. पापणीवर बसते."

"पापणीवर?"

"ते पिवळं होतं ना, ते."

मी पिशवीतल्या टाचण्या काढत बसलो. एक बोटात घुसली. मग मी त्यांना सोन्याचं सांगितलं. सवाष्ण जाण्याचंही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मुलीत आलं असेल किंवा नसेल," त्या म्हणाल्या. "निम्मी निम्मी शक्यता. आलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं. आता गोळी आहे. तुमच्या मिसेस वेळेवर आल्या असत्या तर..." तिथे थांबल्या. शहाण्या होत्या.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं, पिशवी उलटी करून. तिला कळलं, माझ्यापेक्षा लवकर कळलं, बी.कॉम. झालेली आहे, महाप्याला ऑफिसात जाते. सगळं ऐकून म्हणते, "मी टेस्ट करणार नाही."

"का?"

"मावशी स्थळ बघतेय. एकदा कळलं की समोरच्यांना सांगावं लागेल. सांगितलं तर लग्न होणार नाही. लपवून लग्न करायचं, तर ते माझ्याच्यानं होणार नाही. म्हणून मला माहीतच नको. माहीत नाही म्हणजे खोटं बोलणं नाही."

आता या डोक्याला काय म्हणायचं? घरात साप आहे का ते बघायचं नाही, म्हणजे साप आहे असं सांगावं लागत नाही! मी ओरडलो. तीही ओरडली. तिची आई असती तर मधे पडली असती. तेवढ्यापुरता मला तिचाही राग आला, की या वेळेला ती नाही.

त्यात मावशीची घाई. आई गेली की वर्षाच्या आत मुलीचं लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आमच्यात तसंच करतात. मावशी अलिबागहून येऊन आमच्याकडेच राहिली आणि रोज कुठलं ना कुठलं स्थळ काढायला लागली. मी टेस्टचं काढलं की म्हणायची, "भावजी, आधी अक्षता पडू द्या. मग काय रक्त काढायचं ते काढा. पोरीला लग्नाआधी आजारी ठरवून ठेवू नका."

"आजारी ठरवत नाही हो ताई. आहे का ते बघतोय."

"बगायचं कशाला? सोनं हाय ते. आमच्या घरान्याचं हाय. ती डॉक्टरीन काल आली."

एका रविवारी सानपाड्याचं स्थळ आलं. मुलगा कंप्युटरवर काम करणारा, आईवडील दोघंही नोकरीतले, माणसं बरी वाटली. मुलीनं आदल्या दिवशी मला सांगून ठेवलं होतं, "बाबा, तुम्ही आकड्याबिकड्यांचं काही बोलायचं नाही. शब्द द्या." मी दिला. काय करणार? पोर रडवेली झाली होती.

पोहे झाले, चहा झाला. मी गप्प. मुलगा कमी बोलायचा, मुलगी कमी बोलायची, दोघांचं जमेल असं दिसत होतं. मुलाच्या आईनं मुलीला जवळ बसवलं. उन्हात तिचा चेहरा नीट दिसला आणि मला तेव्हाच दिसलं. उजव्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, फिकट पिवळी रेघ. रोज समोर असते पोरगी, मला दिसली नव्हती. मावशीला दिसली होती.

मावशी पुढे सरकली. "बगितलंत का? आत्ताशी कुठं उमटायला लागलंय. सोनं हाय ते. आमच्या घरान्यातल्या बायकांच्या पापनीवर सोनं उगवतं. तिच्या आईच्या होतं, आजीच्या होतं. आनि आमच्यातल्या सोनेवाल्या सवाष्नच जातात बरं का."

मुलाची आई हसली. "अगं बाई! म्हणजे आमच्या मुलाची काळजीच मिटली."

सगळे हसले. मुलीची मान खाली. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बादली आली, ओल्या कपड्यांची.

"मिटली कशी?" मी म्हटलं. "सवाष्ण जातात म्हणजे काय, सांगा की ताई. लवकर मरतात! तुमची आई सवाष्ण गेली, केस काळे असताना. माझी बायको सवाष्ण गेली, कपडे वाळत घालताना. तुमचा भाऊ कसा गेला? तो काय सवाष्ण होता? ते सोनं नाही, चरबी आहे. रक्तातली चरबी उचलायचे आकडे यांच्यात निम्मेच बाहेर येतात, निम्मे आत कुजतात. माझ्या मुलीच्यातही तसंच असेल. तपासायला चल म्हणतोय, तर येत नाही. का? तर तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

मुलाच्या आईच्या हातातली कपबशी वाजली. मुलाचे वडील घड्याळ बघायला लागले. मुलगा मात्र मुलीकडे बघत होता, ती बघत नव्हती. "कळवतो," म्हणाले आणि उठले. माणसं खरंच बरी होती, जाताना नमस्कार करून गेली. कळवलं नाही.

दार लागलं आणि मावशी पदर तोंडाला लावून म्हणाली, "नाक कापलंत भावजी आमच्या घराचं."

"नाकाचं काय घेऊन बसलात? जीव राहू द्या पोरीचा."

मुलीनं कप उचलले, विसळले, पालथे घातले. मग स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "शब्द पाळता येत नाही तर देता कशाला?"

"तू मागतेस कशाला?"

त्या दिवशी घरात तिघं जेवलो ते एकमेकांकडे न बघता. मला वाईट वाटलं का? स्थळ गेल्याचं वाटलं. बोलल्याचं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा न घेता ऑफिसला निघाली. पाणीसुद्धा नाही. मला वाटलं, राग अजून आहे, अन्नावर काढतेय. मी मागून ओरडलो, "उपाशी जाऊ नको, चक्कर येईल!" तिनं वळूनही बघितलं नाही. संध्याकाळी आली तेव्हा कोपराच्या खोबणीत कापूस आणि त्यावर चिकटपट्टी.

"हे काय?"

"रक्त दिलं. उपाशीपोटी द्यावं लागतं."

ती पर्स टांगत म्हणाली, "लपवायला आता काही उरलंय का? सानपाड्याला कळलं म्हणजे नेरूळला कळायला किती वेळ? मग मलाच तेवढं माहीत नसून उपयोग काय?"

पोरगी शेवटी माझीच. वाकडी वाट धरते, पण पोचते.

रिपोर्ट आला. आहे म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी कोलेस्टेरॉल किती ते वाचलं आणि तिच्या टाचा चाचपून बघितल्या. टाचा अजून बऱ्या होत्या. हृदयही बघितलं, ईसीजीची पट्टी काढली, तेही बरं. मी खुर्चीत बसून होतो. मी बाईंना म्हटलं, "मग आत अडकलेले आकडे सोडवायची गोळी द्या."

"तशी गोळी नाही, काका."

"मग कसली आहे?"

मुलीकडे बघून त्या सांगायला लागल्या. लिव्हरची पेशी स्वतःही कोलेस्टेरॉल बनवते. ही गोळी ते बनवणं कमी करते. मग पेशीला आत कमी पडायला लागतं, आणि ती बाहेरून आणायला जास्त आकडे बनवते. दोन्ही नमुन्यांवरून बनवते. चुकलेले आतच अडकतात, पूर्वीसारखे. पण चांगल्या नमुन्याचे आकडे पूर्वीपेक्षा जास्त बाहेर येतात. तेच जास्तीचं काम करतात. गोळी रोज घ्यायची, जन्मभर. तेलकट बेतानं. आणि मूल हवं असेल तेव्हा आधी त्यांना येऊन भेटायचं, तेवढे दिवस गोळी बंद ठेवावी लागेल. मुलगी सगळं नीट ऐकत होती. मग तिनं विचारलं, "चांगला नमुना म्हणजे कुणाकडचा?"

"चूक आईकडून आली. म्हणजे चांगला वडिलांकडचा."

मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर काही नव्हतं बघण्यासारखं, एक पाण्याचा टँकर उभा होता. माझी आई आठवली. सोन्याच्या घरातली सून आणली म्हणून जन्मभर मिरवणारी, स्वतःच्या पापणीवर चुलीच्या धुराशिवाय कधी काही नसलेली. माझ्यात जो नमुना आला तो तिचा आणि माझ्या बापाचा. तो माझ्या बायकोला देता आला असता, तर मी एवढं बोलत बसलो असतो का?

वर्षश्राद्ध आलं. वर्षाच्या आत लग्न झालं नाही ते नाहीच. आता तीन वर्षं थांबा म्हणाले. थांबू. मावशी परत आली. त्या रविवारनंतर ती आमच्याशी तोडून वागत होती, पण बहिणीच्या वर्षश्राद्धाला कशी राहील? मी बाजारातून नारळ आणले होते. विळी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "ताई, आज हिच्या पानात सगळं खोबऱ्याचं पाहिजे. तुमच्याकडचं करा. मला येत नाही."

ती खवायला बसली. अर्धी वाटी झाली आणि तिचा हात थांबला. "भावजी, डॉक्टरीन म्हनते ते खरं का? माज्यात नाय ते?"

"तुमच्या पापण्या कोऱ्या, हात साफ, वय एवढं झालं तरी जिने चढता. नसेलच. पाहिजे तर रक्त बघू. तुमच्या पोरांचंही बघू."

"मला वाटायचं, तिला मिळालं, मला नाय मिळालं." ती खोबऱ्याकडे बघत म्हणाली. "मी आईला विचारलंवतं, माज्याच पापनीवर का नाय? आई म्हनाली, तुजं नशीब." मग विळीवर मान घालून रडली. मी नारळाची दुसरी वाटी तिच्यासमोर सरकवली. दुसरं मला सुचलं नाही.

पान वाढलं. ओल्या खोबऱ्याची चटणी, नारळाच्या रसातली खीर, भाजीत खोबरं, आमटीत खोबरं. जेवायला सेक्रेटरी होतेच. पानाकडे बघून त्यांचं तोंड उघडलं. मी म्हटलं, "जेवा गुपचूप."

जेवले. दोनदा खीर घेतली.

सगळे गेल्यावर मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहून गोळी गिळली. मी रोज विचारतो ना, घेतली का, घेतली का, म्हणून ती आता माझ्यासमोरच घेते. मुद्दाम. ग्लास ठेवून म्हणाली, "लावले बघा तुमचे आकडे कामाला."

म्हटलं, "फार बोलू नको. उद्याही घे."